गाण्यातली गरिबी आणि खोलीतली गरिबी



या व्यासपीठावर आजवर मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. त्या मालिकेत आम्हांला उभे केले, यात संयोजकांचे धाडस अधिक. आमचे शाळेतले शिक्षण दहावीला थांबले. पुढचे जे काही झाले ते लेथवर आणि युनियनच्या कचेरीतल्या एका लाकडी कपाटापाशी झाले. तेव्हा पगारवाढीवर किंवा कंत्राटी पद्धतीवर आम्ही बोलू, असे आपणांस वाटले असेल. परंतु आजचा आमचा विषय एक फ्रेंच गाणे हा आहे. हे वेड आम्हांला कसे लागले, ते आधी सांगितले पाहिजे.

मागल्या हिवाळ्यात एका कारखान्याच्या दारासमोर कंत्राटी कामगारांचे धरणे चालू होते. रात्रपाळीला मंडपात पंचवीस वर्षांचा एक पोरगा कापडावर घोषणा रंगवीत बसे. हात चांगला होता. चित्रकलेच्या शाळेत जायचे मात्र परिस्थितीने राहून गेले होते. एका रात्री त्याने आपल्या कानातले यंत्र काढून आमच्या कानाला लावले आणि म्हणाला, “काका, हे ऐका. फ्रेंच आहे, पण खाली अर्थ लिहून येतो.” आम्ही मोबाईलच्या त्या वीतभर पडद्याकडे पाहत गाणे ऐकले. ते संपल्यावर त्याने विचारले, “काका, हे धरण्याचे दिवस पुढं आपल्यालाही असेच गोड वाटतील का?”

व्यासपीठावर आम्ही कधी शब्दाला अडत नाही. त्या रात्री अडलो. त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी जे वाचले, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

ते गाणे म्हणजे ‘ला बोहेम’. साल 1965. शब्द झाक प्लांत यांचे, चाल शार्ल अझ्नावूर यांची, आणि जगाच्या कानात बसलेला आवाजही अझ्नावूर यांचाच. ‘मोंस्य कार्नाव्हाल’ नावाच्या एका संगीतिकेसाठी ते बांधले गेले. ती संगीतिका आज फारशी कोणाला आठवत नाही. गाणे मात्र राहिले. त्यातला वृद्ध चित्रकार आपली विशी आठवतो आहे. पॅरिसमधल्या मोंमार्त्र टेकडीवरची भाड्याची खोली, खिडकीशी आलेला लायलॅकचा फुलोरा, पोटात भूक, आणि चित्रासाठी समोर बसणारी प्रेयसी. एखाद्या खाणावळवाल्याने चित्राच्या बदल्यात गरम जेवण दिले, की सारे मित्र शेगडीभोवती जमून कविता म्हणत. नाव होईल, अशी प्रत्येकाची खात्री. अखेरीस तो म्हातारा एक दिवस जुन्या पत्त्यावर जातो, तर ना खोली, ना रस्ता ओळखीचा, ना लायलॅक. रंगमंचावर हे गाणे म्हणताना अझ्नावूर हातात पांढरा रुमाल घेत, चित्रकार कुंचला पुसतो तसा तो बोटांत खेळवीत, आणि शेवटी जमिनीवर टाकून देत.

गाणे सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु आम्ही जन्मभर भाड्याच्या खोल्या, थकलेली बिले आणि उपास यांचे हिशेब करीत आलो. आमच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की भूक इतकी गोड लागते कधी? आणि कोणाला?

‘बोहेम’ या शब्दाचा इतिहासच मोठा गमतीचा आहे. बोहेमिया हा मध्य युरोपातला प्रदेश. आज तो चेक देशात मोडतो. पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये भटक्या रोमा लोकांचे तांडे आले. ते बोहेमियातून आले अशी फ्रेंचांची समजूत झाली आणि त्यांना तेच नाव पडले. या रोमांचे मूळ आपल्या हिंदुस्थानात आहे, असे भाषाशास्त्र सांगते. पुढे 1830 नंतरच्या काळात घरदार, नोकरी आणि शिस्त नसलेल्या कलावंत पोरांनाही पॅरिसची माणसे याच नावाने हाक मारू लागली. म्हणजे ज्या शब्दाने एका जमातीला हिणवले, तोच शब्द दुसऱ्यांनी कौतुकाने छातीवर मिरवला. हिणवल्या गेलेल्या भटक्यांच्या वाट्याला मात्र त्या कौतुकातले काही आले नाही.

ही कलावंत पोरे त्याच काळात एवढी का वाढली? याचे उत्तर अर्थकारणात आहे. जुनी राजवट होती तोवर चित्रकाराला सरदार किंवा चर्च पोसत असे. राज्यक्रांतीनंतर तो आश्रय आटला. चित्र, कविता, नाटक हे सारे बाजारात विकण्याचा माल झाले. दुसरीकडे पॅरिस फुगत होते. 1801 मध्ये शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या आत होती. 1846 मध्ये ती दहा लाखांवर गेली. खेड्यापाड्यांतून आणि लहान गावांतून शिकलेली, न शिकलेली पोरे येत होती. कामगाराला निदान दिवसाची मजुरी ठरलेली असे. या पोरांना तीही नव्हती. माल विकला तर भाकर, न विकला तर पाणी.

पाणी हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेला नाही. 1840 नंतरच्या त्या वर्षांत पॅरिसमध्ये अशा तरुणांचे एक मंडळ होते आणि त्याचे नाव ‘पाणी पिणारे’ असेच होते, कारण दारूला कोणाकडे पैसे नसत. या मंडळात आंरी म्युर्झे नावाचा एक तरुण होता. त्याचा जन्म 1822 चा. बाप शिंपीकाम करणारा आणि एका इमारतीचा द्वारपाल. या म्युर्झेने 1845 पासून एका लहानशा वर्तमानपत्रात आपल्या मित्रमंडळींचे किस्से लिहिले. ते लोकांना फारसे ठाऊक नव्हते. मग बारिएर या नाटककाराला जोडीला घेऊन त्याने त्यांचे नाटक केले. 22 नोव्हेंबर 1849 रोजी ते रंगमंचावर आले आणि एका रात्रीत म्युर्झेचे नाव झाले. 1851 मध्ये किस्स्यांचे पुस्तक निघाले. त्याचे हक्क त्याने एकरकमी विकून टाकले होते. पुढच्या साऱ्या आवृत्त्यांचा नफा प्रकाशकाला. ही गोष्ट वाचली तेव्हा म्युर्झे आम्हांला अगदी जवळचा वाटला. उक्त्या कामाचा करार वाचून सही करावी, हे आम्ही आमच्या पोरांना अजून सांगत असतो.

म्युर्झे प्रामाणिक होता. हा रस्ता कीर्तीपर्यंत जातो तसाच रुग्णालयापर्यंत आणि प्रेतागारापर्यंतही जातो, अशी ताकीद त्याने प्रस्तावनेतच देऊन ठेवली आहे. त्याच्या पाणी पिणाऱ्या मित्रांपैकी काहीजण तरुणपणीच रुग्णालयात गेले. त्याच्या पुस्तकातली मिमी ही मनगढंत नाही. तिच्यामागे ल्युसिल नावाची एक श्रमिक तरुणी होती आणि ती 1848 मध्ये क्षयाने रुग्णालयात मेली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. स्वतः म्युर्झे 1861 च्या जानेवारीत गेला. वय अवघे अडतीस. ज्याने तारुण्याच्या आठवणींची ही सारी परंपरा सुरू केली, त्याला म्हातारा होऊन आठवायला वेळच मिळाला नाही.

परंतु वाचकांनी ताकीद बाजूला ठेवली आणि गंमत तेवढी उचलली. पुढे इटलीत पुच्चिनीने त्याच पुस्तकावर संगीत नाटक केले. 1 फेब्रुवारी 1896 रोजी तुरिन शहरात त्याचा पहिला प्रयोग झाला. वाद्यवृंद चालवायला अठ्ठावीस वर्षांचा तोस्कानिनी होता. पुच्चिनी त्या वेळी सदतिशीत होता. मिलानमध्ये शिकताना त्यानेही एका मित्राबरोबर दाटीवाटीने खोलीत दिवस काढले होते, आणि आता आदल्या नाटकाच्या यशाने त्याचे बरे चालले होते. म्हणजे पुन्हा तेच: भूक मागे पडल्यावर भुकेचे गाणे.

मात्र या नाटकात एक प्रसंग आहे, त्याकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. तिसऱ्या अंकाचा पडदा उघडतो तो पॅरिसच्या जकात नाक्यावर. फेब्रुवारीची पहाट, बर्फ पडलेले. फाटकाबाहेर रस्ते झाडणारे कामगार गारठून उभे आहेत आणि शिपायाला फाटक उघडण्यासाठी हाका मारीत आहेत. पाठोपाठ दूधवाल्या बाया येतात. फाटक उघडते, माणसे शहरात शिरतात, आणि मग मिमी खोकत येते. सारे नाट्यगृह मिमीसाठी रडते. त्या झाडूवाल्यांची आठवण घरी जाताना कोणाला राहत असेल? मिमी तरी कोण होती? कापडावर फुले भरून पोट भरणारी शिवणकामाची बाई. कवी आपले हस्तलिखित शेगडीत घालतो, तत्त्वज्ञ औषधासाठी आपला कोट विकायला नेतो, आणि जी खरी हातावर पोट असलेली, ती मरते.

आता थोडे भूगोलाविषयी. म्युर्झेची पोरे राहत ती सीन नदीच्या डाव्या तीरावरच्या विद्यार्थ्यांच्या वस्तीत. अझ्नावूर यांच्या गाण्यातली खोली आहे उत्तरेकडच्या मोंमार्त्र टेकडीवर. कलावंतांचे हे बिऱ्हाड तिकडे कसे हलले? त्या जकात नाक्यामुळेच, असे म्हटले तरी चालेल. मोंमार्त्र हे 1860 पर्यंत शहराच्या हद्दीबाहेरचे गाव होते. जकात नसल्याने दारू स्वस्त, खोल्या स्वस्त. तिथे पवनचक्क्या होत्या आणि जिप्समच्या खाणी होत्या. पॅरिसच्या भिंतींचा गिलावा त्या खाणींतून निघे. 1 जानेवारी 1860 ला गाव शहरात घेतले गेले, पण टेकडीवर भाडे कमीच राहिले. शहराच्या मध्यभागी रुंद रस्ते काढण्यासाठी ज्यांची घरे पाडली गेली, ते कामगार कडेच्या अशा वस्त्यांतून दाटले. चित्रकार मागून आले. आधी खाणकामगार, धोबिणी, शिवणकाम करणाऱ्या बाया. त्यांच्या मागून स्वस्त भाड्याच्या शोधात कलावंत. आणि कलावंतांच्या मागून पाहुणे व भाडेवाढ. शहरांचा हा क्रम आपल्याकडेही पाहायला मिळतो.

या टेकडीचा दुसरा इतिहास गाण्यात नाही. 18 मार्च 1871 रोजी सरकारी फौज मोंमार्त्रवरच्या तोफा काढून न्यायला आली. टेकडीवरच्या बाया आणि नागरिक-सैनिक आडवे झाले, शिपायांनी गोळी चालवायला नकार दिला, आणि त्यातून पॅरिसचा कम्यून उभा राहिला. 28 मे रोजी तो रक्तात बुडवला गेला. कम्यूनमध्ये मोंमार्त्रमधून निवडून गेलेल्यांत झां-बातिस्त क्लेमां नावाचा एक गीतकार होता. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

पुढे याच टेकडीवर एक लाकडी, मोडकळीस आलेली इमारत चित्रकारांनी भरली. सीन नदीत धोबिणींच्या कपडे धुण्याच्या होड्या असत. त्यांच्यावरून तिला ‘बातो-लाव्हार’, म्हणजे धुण्याची होडी, असे नाव पडले. साऱ्या इमारतीला नळ एकच. 1904 मध्ये पिकासो तिथे राहायला आला आणि आधुनिक चित्रकला जिने बदलली ती कामे त्याने तिथेच केली. त्या काळात त्याच्याबरोबर फेर्नांद ऑलिव्हिए ही तरुणी राहत असे. चित्रकारांसमोर बसणे हा तिचा व्यवसाय. तिने 1933 मध्ये आपल्या आठवणी छापल्या. रात्री कपात उरलेल्या चहाचा सकाळी बर्फ झालेला असे, हे आपल्याला कळते ते तिच्यामुळे. चित्रांत तो गारठा दिसत नाही.

दुसरी अशी सुझान व्हालादों. एका धोबिणीची मुलगी, जन्म 1865 चा. लहानपणापासून मिळेल ते काम केले, सर्कशीत कसरती केल्या, आणि मग रन्वार आणि तुलूझ-लोत्रेक यांच्यासारख्या चित्रकारांसमोर बसली. बसल्या बसल्या ती त्यांचे हात पाहत होती. पुढे तिने स्वतः कुंचला उचलला आणि फ्रान्सची मान्यवर चित्रकार झाली. गाण्यातली ती मुलगी नुसती बसून राहते. तिचे नाव गाण्यात नाही, तिचे पुढे काय झाले तेही नाही. इतिहासात मात्र त्या जागेवर बसलेल्या दोघींनी तोंड उघडले: एकीने लेखणीने, दुसरीने रंगाने.

हे ऐकून आपण म्हणाल, की आम्ही अझ्नावूर यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. तसे नाही. त्यांना गरिबी ठाऊक होती. 1924 मध्ये पॅरिसमध्ये निर्वासित आर्मेनियन आईबापांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. आपल्या जमातीच्या कत्तलीची झळ सोसलेली ही माणसे. बापाने लहानसे उपाहारगृह चालवले. मुलगा नऊ वर्षांचा असताना रंगमंचावर कामाला लागला. आवाज घोगरा, अंगलट बुटकी, म्हणून वर्षानुवर्षे हेटाळणी झाली. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी हे गाणे म्हटले. आणि आणखी एक गोष्ट. जर्मनांनी पॅरिस घेतले होते त्या काळात या कुटुंबाने मिसाक मानूशियान आणि त्याची पत्नी मेलिने यांना आसरा दिला. मानूशियान हाही आर्मेनियन अनाथ. कारखान्यात लेथवर राबलेला कामगार, आणि कवी. प्रतिकाराच्या लढ्यात तो पकडला गेला आणि 21 फेब्रुवारी 1944 रोजी साथीदारांसह गोळ्या घालून मारला गेला. बरोबर ऐंशी वर्षांनी, 2024 मध्ये, फ्रान्सने त्याला आणि मेलिनेला आपल्या थोरांच्या समाधिमंदिरात नेले. ज्या गायकाच्या घरी असा कवी लपून राहिला होता, त्याच्या आवाजातली हुरहूर आम्ही हलकी कशी मानू?

मग गोम कुठे आहे? यासाठी क्लेमांकडे वळू. त्याने 1866 मध्ये चेरीच्या हंगामावर एक साधे प्रेमगीत लिहिले. 1868 मध्ये आन्त्वान रनार याने त्याला चाल दिली. कम्यूनला अजून अवकाश होता. कम्यून बुडाला, क्लेमां लंडनला पळाला, मागे त्याला मृत्युदंडाची शिक्षा झाली. 1880 मध्ये माफी मिळाल्यावर तो परतला आणि आर्देन भागात कामगारांच्या संघटना बांधू लागला; म्हणजे आमच्याच धंद्यातला. परतल्यानंतर त्याने ते जुने प्रेमगीत एका मुलीला अर्पण केले. कम्यूनच्या अखेरच्या दिवशी, 28 मे 1871 ला, एका रस्त्यावरच्या अडथळ्यापाशी ती जखमींची शुश्रूषा करायला आली होती आणि सांगूनही हलली नाही. तिचे नाव लुईझ, आणि ती कामकरी होती, एवढेच त्याला ठाऊक होते. तेवढे त्याने लिहून ठेवले. तेव्हापासून फ्रान्समधला कामगार ते गाणे गातो तेव्हा चेरीबरोबर मे महिन्यातले ते मृतही आठवतो. एक गाणे आपले तारुण्य आठवते, दुसरे दुसऱ्याचे नाव आठवते. आठवणीची ओढ दोन्हींत तितकीच आहे.

आता घरची एक गोष्ट सांगतो. आमचे वडील मुंबईत गिरणीत होते. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आई खाणावळ चालवी. गावाकडून एकटे आलेले आठ-नऊ गडी दोन वेळा जेवायला असत. 1982 च्या 18 जानेवारीला संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळकरी पोर होतो. खाणावळीतले गडी हळूहळू गावी गेले आणि वर्षभरात आम्हीही मुंबई सोडली. पुढे कधी लग्नाकार्यात ते जुने खाणावळकरी भेटत. आईच्या हातच्या बोंबलाच्या कालवणाची, रात्री जागून म्हटलेल्या भजनांची, शाहिरांच्या कवनांची आठवण काढताना त्यांचे डोळे पाणावत. आम्हीही त्यांच्याबरोबर रंगून जात असू. एकदा आम्ही आईला म्हटले, “काय दिवस होते ना?” ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमचे होते बाबा. माझ्या छातीत अजून त्या स्टोव्हचा धूर आहे. आणि वहीत तिघांची उधारी.”

तेव्हा आम्ही हसलो. गिरण्यांच्या जागी आज उंच मनोरे आहेत, आई नाही. ‘ला बोहेम’ ऐकल्यापासून तिचे ते वाक्य आमच्या कानांतून जात नाही. जेवणाऱ्याला चव आठवते, रांधणारीला धूर. दोन्ही खरे. परंतु गाणे बहुधा जेवणारा लिहितो.

आणि हे आमच्या चळवळीलाही लागू आहे, म्हणून हा विषय जिवाला लागला. आम्ही पन्नाशीतले कार्यकर्ते एकत्र बसलो, की जुन्या संपांच्या कथा निघतात. कोपऱ्यात कंत्राटी पोरे ऐकत असतात. आमचा काळ सोन्याचा होता असे म्हणताना त्यांना काय ऐकू जात असेल? की तुमचा काळ मातीचा, आणि तुम्ही उशिरा जन्मला. तो चित्रकार जुन्या पत्त्यावर गेला आणि सारे संपले म्हणाला. त्याच रस्त्यावर त्या दिवशीही कोणी तरी पोरगा भाडे थकवून राहत असेल. त्याचे दार त्याने ठोठावले नाही.

धरणे सदतीस दिवसांनी उठले. मागण्यांपैकी निम्म्या मान्य झाल्या. मंडप सोडताना आम्ही त्या पोराला त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले: “गोड वाटतील. आपोआप वाटतील, त्याला इलाज नाही. म्हणून आत्ताच लिहून ठेव, कोण कोण होतं ते.” त्याने उरलेल्या कापडावर, घोषणांच्या त्याच लाल रंगाने, नावे रंगवली. ते कापड आता युनियनच्या कचेरीत टांगले आहे. पहिले नाव एकाही कामगाराचे नाही. ते कोपऱ्यावरच्या टपरीवाल्या बाईंचे आहे. सदतीस रात्री त्यांनी मंडपात चहा पाठवला. नावापुढे त्याने कंसात आकडा टाकला आहे: तीनशे चाळीस रुपये बाकी.

व्याख्यानाला येताना त्या बाकीवर नजर गेली. उद्या सकाळी आधी ती देऊन टाकणार आहोत.